देणगीदारांच्या फलकावर बाईचं नाव

"अर्ध्या तासात खाली या हं, नाहीतर पंचवटीत गर्दीत सापडाल," ड्रायव्हरदादांनी बजावलं आणि गाडी झाडाखाली लावली. आमच्या बचत गटाची सहल होती. सोळा जणी. पंचवटी, त्र्यंबकेश्वर, वणीची देवी असा बेत. नाशिकच्या वाटेवरच आहेत म्हणून पांडवलेणीही यादीत आली होती. तिथे नवस नाही, प्रसाद नाही, त्यामुळे फारशी उत्सुकताही नव्हती. पायऱ्या बघूनच निम्म्या जणींनी हाय खाल्ली. "तुम्ही जाऊन या, आम्ही पिशव्या सांभाळतो," माझ्या सासूबाई म्हणाल्या आणि आणखी सहा जणींना घेऊन सावलीत बसल्या.

हे चित्र तुमच्याही ओळखीचं असेल. कुठल्याही सहलीला जा, खाली पिशव्या सांभाळत बसलेल्या बायका दिसतातच. डबे त्यांनी भरलेले, पाण्याच्या बाटल्या त्यांनी उचललेल्या, मुलांचे स्वेटर त्यांच्याच काखोटीला. बघायचं मात्र दुसऱ्यांनी. मीही अनेकदा अशी बसलेली आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. पण त्या दिवशी मी वर गेले, आणि जे पाहिलं ते खाली बसलेल्यांना सांगितल्यावाचून राहवेना. म्हणून हा प्रपंच.

दोनेकशे पायऱ्या आहेत. धापा टाकत वर पोचलो तेव्हा एक गृहस्थ आपल्या नातवंडांना सांगत होते, "पांडव वनवासात होते ना, तेव्हा त्यांनी एका रात्रीत ही लेणी कोरली." आम्हीही लहानपणापासून हेच ऐकलेलं. भीमाची गदा, द्रौपदीची चूल असं काहीबाही दाखवणारं कुणीतरी प्रत्येक डोंगरावर भेटतंच. पण आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. बाई हसल्या आणि पिशवीतून झेरॉक्सचे चार कागद काढले. "पांडवांचा इथे काही संबंध नाही गं. ही बुद्धलेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. आणि कुणी कोरवून घेतली ते इथेच लिहून ठेवलंय. त्यात बायका किती आहेत ते बघा."

या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, शिलालेखातल्या बोलीत 'तिरण्हु'. एकूण २४ लेणी. सर्वांत जुनं लेणं सातवाहनांच्या कण्ह राजाच्या काळातलं, म्हणजे इसवी सनाच्याही आधीचं. पुढची काही शतकं इथे काम चालू होतं. बहुतेक लेणी म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या जागा. मधे मोकळा चौक आणि तिन्ही बाजूंनी लहान लहान खोल्या. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. त्यासाठी हा निवारा. पूजेचं ठिकाण एकच, १८ क्रमांकाचं चैत्यगृह. ते खरं इथलं देऊळ. बाहेरून पाहिलं तर दारावर घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान आणि त्याभोवती इतकं बारीक कोरीव काम, की दगडावर भरतकाम केलंय म्हणावं. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. मूर्ती नाही. सुरुवातीच्या काळात बुद्धाची मूर्ती करत नसत, स्तूपालाच वंदन करत. इथल्या लेण्यांत ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या नंतरच्या शतकांतल्या.

आत शिरताच आवाज आपोआप खाली आला. स्तूपासमोर एक मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. पांढरी साडी, बाजूला चपला नीट काढून ठेवलेल्या, शेजारी दोन नातवंडं हात जोडून. आमच्यातल्या एकीचा मोबाइल मोठ्याने वाजला, दुसरी खांबाला टेकून "माझा एक फोटो काढ ना" म्हणाली. मावशींनी डोळे उघडले. रागावल्या नाहीत. वंदना संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "बघा हो निवांत. पण आमच्यासाठी हे देऊळ आहे, ताई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरच्या देवळात आम्ही चपला घालून गाभाऱ्यापर्यंत जातो का? मग इथे कशा आलो? 'लेणी' म्हटलं की आपल्या डोक्यात सहल येते. एखाद्याचं श्रद्धास्थान येत नाही.

मावशी नाशिकच्याच. त्यांच्या आजोबांनी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात भाग घेतला होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला, त्यात बायकाही होत्या. पुढे काही वर्षं तो चालला, पण देवळाचं दार काही उघडलं नाही. मग १९३५ साली येवल्याची घोषणा आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा. "आजीला त्या दारातून आत घेतलं नाही," मावशी म्हणाल्या, "पण इथे या डोंगरावर तिला कुणी अडवलं नाही." यावर आम्ही कुणी काही बोललो नाही. बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतंच.

मग बाईंनी कागद उघडले. मैत्रिणींनो, इथून पुढचं जरा नीट वाचा.

आपण ज्या चैत्यगृहात उभ्या होतो, ते पूर्ण कुणी करवून घेतलं? भटपालिका नावाच्या बाईने. आतल्या खांबांवर तसं कोरलेलं आहे. ती राजाच्या अरहलय नावाच्या अमात्याची मुलगी, अगियतणक नावाच्या अमात्याची बायको आणि कपणणकाची आई. 'तिरण्हु पर्वतावर हे चैत्यघर पूर्णत्वाला नेलं' असं ती सांगते. दारावरचं कोरीव काम धंभिक गावच्या लोकांनी दिलं. म्हणजे गावाने वर्गणी काढली आणि दाराची शोभा केली. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपाला काढतात तशीच.

तीन नंबरच्या लेण्यात या. इथलं हे सर्वांत देखणं लेणं. ओसरीच्या खाली दगडी यक्ष असे बसलेत, की सगळा ओटा त्यांनीच खांद्यावर पेललाय. आत भिंतीवर लांबलचक लेख आहे. तो लिहवून घेतला गौतमी बलश्रीने. गौतमीपुत्र सातकर्णी या पराक्रमी राजाची ती आई. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने हे लेणं भिक्खुसंघाला दिलं. तोवर मुलगा हयात नव्हता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लेखात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. मुलाचं कौतुक करताना तिने हात आखडता घेतलेला नाही. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो, क्षहरातांचा वंश ज्याने निर्मूल केला तो, प्रजेच्या सुखदुःखात सारखा सहभागी होणारा तो. आणि या सगळ्या मोठमोठ्या बिरुदांच्या मधेच एक छोटीशी गोष्ट येते: आईची सेवा ज्याने कधी चुकवली नाही तो. बाईंनी हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला.

पुढे दहा नंबरचं लेणं. हे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने दिलेलं. तिथल्या खोलीच्या दारावर त्याच्या बायकोचा, दक्षमित्रेचा वेगळा लेख आहे. ती नहपानाची मुलगी. आता गंमत बघा. ज्या क्षहरातांचा नाश केल्याचा अभिमान बलश्री सांगते, त्याच घराण्यातली ही लेक. पुरुषांनी एकमेकांविरुद्ध रणं गाजवली, आणि दोन्हीकडच्या बायकांची दानं एकाच डोंगरावर काही पावलांच्या अंतरावर आहेत. दक्षमित्रेने दिलेल्या खोलीला लेखात 'ओवरक' म्हटलंय. आपल्या देवळातली ओवरी ती हीच! आणि बायको याला शब्द आहे 'कुडुंबिनी'. जुनी माणसं बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणायची, ते कुठून आलं ते कळलं. दोन हजार वर्षं जुनी भाषा, पण कान देऊन ऐकली तर अगदीच परकी वाटत नाही.

सहा नंबरमध्ये वीर नावाच्या व्यापाऱ्याचं घर भेटतं. लेणं त्याचं, पण एक ओवरी त्याची बायको नंदश्री हिची आणि एक मुलगी पुरुषदत्ता हिची, असं स्पष्ट कोरलेलं. मुलीचा वाटा मुलीच्या नावावर. शेजारच्या सात नंबरात तापसिनी नावाच्या भिक्खुणीचं दान आहे. वीस नंबरचं लेणं बोपकी नावाच्या भिक्खूने सुरू केलं होतं. ते कितीतरी वर्षं अर्धवट पडून राहिलं. ते पुरं केलं सेनापती भवगोपाची बायको वासू हिने, श्रीयज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी. दुसऱ्याने अर्धवट टाकलेलं काम निस्तरायचं हे बाईच्या जातीला नवं नाही, पण वासूने ते नाव घालून केलं.

आम्हा गटवाल्यांना सर्वांत आवडली ती विष्णुदत्ता. अभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातली, तिसऱ्या शतकातली ही शक उपासिका. हिने लेणं दिलं नाही, पैसे ठेवले. पाण्याची यंत्रं करणारे, तेली अशा कारागिरांच्या संघांकडे, ज्यांना तेव्हा श्रेणी म्हणत, तिने कायमची ठेव ठेवली. मुद्दल तसंच ठेवायचं आणि व्याजातून इथल्या आजारी भिक्खूंना औषध द्यायचं. अशा ठेवीवर व्याज किती असे? दहा नंबरच्याच लेण्यातला उषवदाताचा लेख सांगतो, की त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले ते दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि आणखी १००० ठेवले ते शेकडा पाऊण टक्क्याने. हे ऐकून आमच्या गटाच्या सचिव पटकन म्हणाल्या, "अगंबाई, आपल्यापेक्षा स्वस्त! आपण तर शेकडा दोन घेतो." सगळ्या खळखळून हसलो. पण हसता हसता कळलं, की ही बाई आपल्यातलीच. कारागिरांना भांडवल मिळालं, त्यांच्या धंद्यातून व्याज आलं, व्याजातून औषध. सतराशे वर्षांपूर्वी एका बाईने घातलेला हा हिशोब आम्हा बचत गटाच्या बायकांना समजावून सांगावा लागला नाही.

हे काही नाशिकचंच वैशिष्ट्य नाही. कार्ल्याला घुणिकाची आई कोडी या भिक्खुणीने दिलेल्या कठड्याचा लेख आहे. कान्हेरी, कुडा, जुन्नर, सगळीकडच्या शिलालेखांत बायका भेटतात. कुणी खोली दिली, कुणी पाण्याची टाकी, जिला लेखांत 'पोढी' म्हणतात.

हे ऐकून कुणी लगेच 'तेव्हा बायकांचंच राज्य होतं' असा अर्थ काढू नये. तसं नव्हतं. राजा गौतमीपुत्र म्हणवत असे, पण गादी बापाकडून मुलाकडेच जायची. लेखांतल्या बायकाही स्वतःची ओळख अमक्याची मुलगी, तमक्याची बायको अशीच सांगतात. शिवाय यातल्या बऱ्याच जणी राजघराण्यातल्या, अधिकाऱ्यांच्या नाहीतर व्यापाऱ्यांच्या घरातल्या. ज्यांनी उन्हातान्हात छिन्नी चालवली, दगडाचा चुरा वाहिला, त्या हातांची नावं आपल्याला इथे वाचायला मिळत नाहीत. हे सगळं खरं. तरीही एक गोष्ट उरते. ज्या बाईने दिलं, तिचं नाव लिहिलं गेलं. नवऱ्याच्या नावाआड ते झाकलं नाही.

आणि हे मला इतकं का लागलं, ते आता सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप बांधायला काढला. आमच्या गटाने ११ हजार रुपये दिले. पापड लाटून, शेवया करून साठवलेले पैसे होते ते. शिवाय गटातल्या पाच जणींनी वेगळी वैयक्तिक देणगी दिली. मंडप झाला, संगमरवरी फलक लागला. फलकावर त्या पाचही जणींच्या नवऱ्यांची नावं. एकीचा नवरा तर हयात नाही आणि असतानाही देवळाची पायरी चढला नव्हता. गटाचं नाव शेवटच्या ओळीत, तेही 'व महिला मंडळ' असं. तेव्हा आम्ही एकमेकींत कुजबुजलो आणि गप्प बसलो. "दान करावं, बोलू नये," असं एक वयस्क काकू म्हणाल्या आणि ते आम्हाला पटलंसुद्धा. दान बोलून दाखवू नये, हे खरंच. पण मग तो नियम फलकावरच्या पुरुषांनाही लागू व्हायला हवा होता ना?

त्रिरश्मीवर हे सगळं आठवलं. या डोंगराला आपण पांडवांचं नाव दिलं, तेव्हा आपणही नेमकं तेच केलं. भटपालिका, वासू, विष्णुदत्ता यांचं श्रेय पाच पुरुषांच्या नावावर चढवलं. दगडात कोरलेलं नाव डोळ्यांसमोर असून पुसलं गेलं, कारण ते वाचणारं कुणी उरलं नाही. ब्राह्मी लिपी विसरली गेली. ती पुन्हा वाचता आल्यावर हे लेख एकोणिसाव्या-विसाव्या शतकात विद्वानांनी वाचून छापले. मराठीतही वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि क्षत्रपांच्या लेखांवर मोठा ग्रंथ लिहून ठेवलाय. बाईंचे कागद त्यातूनच उतरवलेले. म्हणजे माहिती आहे. ती आपल्या घरापर्यंत, आपल्या सहलीपर्यंत पोचलेली नाही, एवढंच.

नावांचं आणखी एक दुखणं तिथे दिसलं. भिंतीवर खडूने, दगडाने खरवडलेली नावं, बदाम, बाण. काही न देता नाव लावायची ही हौस! तुमची मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगा. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा, "इथे एका आजीने आपल्या गेलेल्या मुलासाठी लेख लिहिलाय" असं सांगितलं तर मुलांना जास्त कळेल, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा. ऊन चढलं की पायऱ्या जड होतात. पाणी न्या, पण चैत्यगृहात खाणंपिणं नको. नियम असो नसो, स्तूपापुढे चपला काढा, आवाज खाली ठेवा, स्तूपावर किंवा मूर्तींवर हात टेकून फोटो काढू नका. कुणी वंदनेला बसलं असेल तर दोन मिनिटं थांबा. डोंगरात मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा आरडाओरडा, धूर, भपकेबाज अत्तर टाळा. आणि मुख्य म्हणजे अर्धा तास पुरत नाही. दोन तास ठेवा. गुडघे चालत असतील तर पिशव्या गाडीत ठेवा आणि सगळ्या जणी वर जा. ज्यांना खरंच चढवत नाही त्यांना खाली आल्यावर नावं सांगा.

मी तेच केलं. गाडी पाऊण तास उशिरा सुटली. ड्रायव्हरदादांची बोलणी खाल्ली. सासूबाईंनी विचारलं, "काय होतं गं वर एवढं?" मी सांगितलं: बायकांच्या देणग्यांची यादी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सभामंडपाला मी माझ्या पाटल्या मोडून पैसे दिले होते. तुझ्या सासऱ्यांच्या नावाने लागले." मला हे माहीतच नव्हतं. एकाच घरात राहून बावीस वर्षांत माहीत नव्हतं.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं, असा आपल्या राज्य सरकारचा नियम झाला आहे. तेव्हा बरीच थट्टा झाली. 'आता हे काय नवीन' म्हणून नाकं मुरडली गेली. नवीन काही नाही हो. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही याच मातीतल्या राजांची नावं आहेत. पण नियम कागदापुरता राहतो. घराची पाटी, बँकेचं पुस्तक, सातबारा आणि देणगीची पावती इथे नाव घालायला आपणच सांगावं लागतं.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत आम्ही अर्ज लिहिला. फलक बदलावा, देणाऱ्या बायकांची नावं त्यांच्या स्वतःच्या नावाने घालावीत. सोळाही जणींच्या सह्या. 'दान करावं, बोलू नये' म्हणणाऱ्या काकूंनी पहिली सही केली. मंडळाचं म्हणणं, संगमरवर पुन्हा कोरायचा खर्च कोण करणार, पुढच्या रंगकामाला बघू. आम्ही कळवलं, की खर्च गट करेल. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा विचारणार आहोत.

तोवर एक ठरवलंय. इथून पुढे गटातली कुणीही कुठेही अकरा रुपये दिले, तरी पावतीवर आपलं नाव सांगायचं. समोरच्याने "मिस्टरांचं नाव?" असं विचारलं तर शांतपणे म्हणायचं, "पैसे मी देतेय, माझं लिहा."